सयाजीराव कमोड बसवतात

सयाजीराव इंगवल्यांनी उभ्या आयुष्यात भिंतीत एक खिळा धड ठोकला नव्हता, पण खिळा कसा ठोकावा हे त्यांच्याइतकं कोल्हापूरच्या अख्ख्या फुलेवाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. साखर कारखान्याच्या कार्यालयात तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. हाताला काम नाही आणि तोंडाला विश्रांती नाही. अशा माणसाला कुणीतरी 'घरचा मिस्त्री' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घेतलं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालं.

ग्रुपात दोनशेच्या वर माणसं होती. नळ, रंग, फरशी, दारं-खिडक्या, जे काय असेल ते स्वतःच्या हातानं करायचं ही सगळ्यांची हौस. नियम एकच होता आणि तो वर ठळक अक्षरात लिहिलेला होता: मिस्त्री बोलावणाऱ्यास ग्रुपमधून कमी करण्यात येईल. सयाजीराव दोन वर्षं या ग्रुपात सल्ले देत होते. कुणी विचारलं की भिंतीला ओल आलीय, तर हे लिहीत, 'आधी भिंतीचा स्वभाव ओळखा.' त्यावर पन्नास अंगठे येत. ओल जिथल्या तिथं असे, पण अंगठे मोजताना सयाजीरावांना जेवण गोड लागे.

दोन वर्षं हे असं सुखात चाललं होतं, आणि मग शिवानीला सातवा महिना लागला.

शिवानी त्यांची एकुलती एक लेक, गडहिंग्लजला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. पण तिच्या सासूबाईंचा, तानाबाईंचा, फोन आला. बाई सरळ मनाच्या, पण बोलणं मात्र विळ्यानं भाजी चिरावी तसं. पोरीचे पाय सुजलेत, गुडघे दुखतात, डॉक्टरनी खाली बसायला मनाई केलीय, आणि तुमच्याकडं संडास जुन्या पद्धतीचा. आमच्याकडं कमोड हाय. तर बाळंतपण हितंच करूया, असं त्या म्हणाल्या. यात राग नव्हता की टोमणा नव्हता, त्यामुळं भांडायलाही जागा नव्हती.

फोन ठेवल्यावर शिवानीची आई संयोगिताबाई ओट्याला टेकून उभ्याच राहिल्या. सयाजीरावांना ते लागलं वेगळ्याच कारणानं. शिवानी जन्मली तेव्हा कारखान्याचा गळीत हंगाम जोरात होता. रजा मिळाली नाही, आणि लेकीचं तोंड त्यांनी सव्वा महिन्यानं पाहिलं होतं. ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण ती त्यांना अजून खुपायची. निदान तिच्या बाळाचे पहिले दिवस आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत जावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांनी उलटा फोन लावला आणि दोन आठवड्यांत कमोड बसवतो म्हणून सांगितलं. तानाबाई म्हणाल्या, चालंल की. पुढच्याच्या पुढच्या रविवारी मी स्वतः पोरीला घेऊन येते. झालेलं असलं तर ठेवून जाते, नसलं तर संध्याकाळी सहाच्या गाडीनं परत नेते.

संयोगिताबाईंनी लगेच मिस्त्री शोधायला मोबाईल उचलला. सयाजीराव दुखावले. म्हणाले, "मी असताना मिस्त्री?"

"तुम्ही असताना म्हणूनच," त्या म्हणाल्या.

पण ऐकतील ते सयाजीराव कसले. त्यांनी ग्रुपवर प्रश्न टाकला: जुनं भांडं कसं काढावं? तासाभरात सत्तेचाळीस उत्तरं आली. कुणी छिन्नी सांगितली, कुणी ॲसिड, कुणी परदेशातल्या एका गोऱ्या माणसाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ पाठवला, आणि एकानं फुलांच्या चित्राखाली शुभ सकाळ म्हटलं. ग्रुपचे ॲडमिन हंबीरराव पैलवान यांनी मात्र काही लिहिलं नाही. ते थेट आलेच.

हंबीरराव म्हणजे शिवाजी पेठेतल्या तालमीत मुरलेलं हाड. वय बासष्ट, वजन एक क्विंटल आणि वर दहा किलो. कुस्ती सुटली तशी त्यांनी घरदुरुस्ती धरली, पण पवित्रा तोच ठेवला. नट असो की नळ, समोरचा चीत होईपर्यंत पिळायचा. घट्ट असलं की गळत नाही, एवढं एकच शास्त्र त्यांना येत होतं. त्यांनी घण घेतला आणि अकरा मिनिटांत जुनं भांडं काढलं. सोबत हातभर भिंतही काढली. ती काढायची नव्हती, पण मधे आली, असं ते म्हणाले.

त्या दिवसापासून इंगवल्यांच्या घरात संडास नव्हता. नवरा-बायको रोज सकाळी शेजारी जाऊ लागले. शेजारीण मोठी प्रेमळ. पहिल्या दिवशी तिनं चहा दिला, तिसऱ्या दिवशी नुसतं हसली, आणि पाचव्या दिवशी किती दिवस चालणार हो काम, असं प्रेमानंच विचारलं. संयोगिताबाईंनी ते उत्तर सयाजीरावांकडून घरी येऊन मागितलं. ते त्या वेळी ग्रुपवर कुणालातरी गच्चीच्या गळतीबद्दल मार्गदर्शन करत होते.

मग लक्ष्मीपुरीच्या बाजारातून कमोड आला. पांढराशुभ्र, देखणा. सयाजीरावांनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा प्रसेनजीत सरांनी खाजगीत फोन करून विचारलं की तुमचा पाईप जमिनीत आहे ना, मग भिंतीकडं तोंड असलेलं भांडं कशाला घेतलं? प्रसेनजीत सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. खोक्यातला माहितीचा कागद वाचणारा ग्रुपातला हा एकमेव माणूस, त्यामुळं त्यांच्याकडं सगळे जरा संशयानंच बघत. सयाजीरावांनी खाकरून सांगितलं की मी मुद्दामच बघत होतो कुणाच्या लक्षात येतं का. भांडं बदलून आणलं.

त्यानंतर चार दिवस वादात गेले. कमोडचं बूड कशानं चिकटवायचं? ग्रुपात दोन पक्ष पडले. हंबीररावांचा व्हाईट सिमेंटचा आणि प्रसेनजीत सरांचा सिलिकॉनचा. इतकं भांडण झालं की दोन माणसं ग्रुप सोडून गेली आणि त्यातला एक तर नुसताच वाचणारा होता. अखेर आतून सिलिकॉन आणि बाहेरून सिमेंट असा तह झाला.

दरम्यान सयाजीरावांनी फरशी घातली. म्हणजे प्रसेनजीत सरांनी दोरी धरून घातली आणि सयाजीरावांनी एकेक फरशी पुसली, पण जीव त्यांचा जडला. फिकट निळी, कडेला पांढरी रेघ. भिंतीलाही त्याच रंगाच्या टाईल्स. तिथं चपला घालून जायची कुणाला मुभा नव्हती. दिवसातून चार वेळा ते ओला फडका घेऊन आत जात आणि उगाच उभे राहत. संयोगिताबाई म्हणाल्या, माझ्याकडं असं कधी बघितलं न्हाय.

शनिवारी सकाळी कमोड बसला. सरांनी माप धरलं, पैलवानांनी भांडं एकट्यानं उचलून अलगद जागेवर ठेवलं, आणि सयाजीरावांनी 'सावकाश, सावकाश' म्हटलं. मग चोवीस तास कुणी हात लावायचा नाही म्हणून दारावर कागद चिकटवला: बसू नये. हुकुमावरून.

रविवारी सकाळी साडेदहाला तिघंही पुन्हा जमले. सरांनी बादलीभर पाणी ओतलं. पाणी गर्रकन फिरलं आणि गेलं. बुडाशी थेंब नाही. पुन्हा ओतलं, पुन्हा गेलं. सयाजीरावांनी वाकून कोरडी फरशी बोटानं चाचपली आणि त्यांचे डोळे भरून आले. आता लेक राहणार, या घरात बाळ रडणार, हे त्यांना त्या क्षणी अगदी पक्कं वाटलं. गोष्ट खरं तर इथं संपायला हवी होती.

पण कोल्हापुरात बिननारळाचं काही सुरू होत नाही. मोटरसायकल असो, बोअर असो, झेरॉक्सचं मशीन असो, नारळ वाढवल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. हंबीररावांनी पिशवीतून नारळ काढला. सर म्हणाले, पाणी गेलं हेच उद्घाटन, आणखी काय पाहिजे? स्वयंपाकघरातून संयोगिताबाईंनी विचारलं की संडासात नारळ शोभतो का.

"वैनी," पैलवान गंभीरपणे म्हणाले, "लेकीच्या बाळंतपणासाठी केलेलं काम हाय. बिननारळाचं ठेवायचं व्हय?"

लेकीचं नाव आल्यावर सयाजीरावांनीच मान डोलावली. पैलवानांनी उंबऱ्याशी वाकून हात उगारला.

"तितं नको, फरशी तडकंल," सयाजीराव म्हणाले.

पैलवान भिंतीकडं वळले. तिथंही टाईल होती. सरांनी बाहेर अंगणात फोडा म्हणून सुचवलं, पण काम आत आणि नारळ बाहेर, अशानं फळ येत नाही, असं पैलवानांचं मत पडलं. त्यांनी त्या चार बाय पाचच्या खोलीत सगळीकडं नजर फिरवली. जे टाईल नाही आणि दणकट आहे, असं तिथं एकच काही होतं. सयाजीराव त्या वेळी फरशीवर पडलेलं सिमेंटचं टिपूस नखानं काढत होते. त्यांनी वर बघितलं तेव्हा पैलवानांचा हात खाली येत होता.

चाळीस वर्षं जोर-बैठका काढलेला हात होता तो. खाडकन आवाज झाला. फरशीला ओरखडा नव्हता. नारळाला चीर नव्हती. तो घरंगळत दाराशी जाऊन थांबला. कमोडचे मात्र तीन तुकडे झाले होते.

हंबीररावांनी नारळ उचलून कानाशी हलवून बघितला. पाणी हाय, म्हणाले.

सयाजीरावांनी दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघितले. त्यांना समोर फक्त सहाची गाडी दिसत होती. आणि नेमकी त्याच वेळी दारात रिक्षा थांबली.

तानाबाई पुढं, मागं शिवानी, पोटावर हात ठेवून सावकाश चालत. सयाजीराव धावले आणि आधी चहा घेऊया म्हणाले. संयोगिताबाईंना आवाज आलेला होताच, त्यांनीही चहाचंच म्हटलं. तानाबाईंनी चप्पल काढली. पोर दोन तास यष्टीत बसलीय, चहा मागनं, आधी तिला आत जाऊ दे, असं म्हणून त्या सरळ मागच्या बाजूला संडासाकडं निघाल्या. सयाजीराव दारापुढं उभे राहिले. त्यांनी आधी दिवाणखाना बघा म्हटलं, मग गच्ची बघा म्हटलं. तानाबाईंनी त्यांना हातानं बाजूला सारलं आणि दार ढकललं.

आत एक पैलवान नारळ घेऊन उभा होता, एक मास्तर बादली घेऊन उभा होता, आणि मधे तीन तुकडे होते.

शिवानीनं सासूच्या खांद्यावरून डोकावून बघितलं. आधी बापाकडं, मग नारळाकडं. मग ती हसायला लागली ती इतकी की तिला भिंत धरावी लागली. पण तिची अडचण हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. संयोगिताबाई तिला हाताला धरून शेजारी घेऊन गेल्या. तिथंही जुनंच भांडं, त्यामुळं परत यायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तो वेळ सयाजीरावांच्या जिवावर आला.

पैलवान म्हणाले की माल हलका होता. सर म्हणाले की मी नको म्हणालो होतो. तानाबाई कुणाचंच ऐकत नव्हत्या. तुकडे नीट बघायला म्हणून त्या वाकल्या आणि वाकताना त्यांनी सवयीनं भिंतीला हात टाकला. हाताला एक दांडा लागला. स्टीलचा, आधाराला धरायचा. त्यांनी तो ओढला. मग दोन्ही हातांनी धरून पूर्ण वजन टाकलं, आणि बाई काही किरकोळ नव्हत्या. दांडा हलला नाही.

"ह्यो कुणी बसवला?" त्यांनी विचारलं.

पैलवान आणि सर एकमेकांकडं बघू लागले. दोन दिवस ते तिथंच वावरत होते, पण दांडा त्यांच्या लक्षात आत्ताच आला होता.

"मी," सयाजीराव म्हणाले.

शुक्रवारी दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी तो बसवला होता. ग्रुपवर विचारलं नव्हतं, कारण एवढी साधी गोष्ट विचारली तर लोक काय म्हणतील. टाईलवर ड्रिल घसरू नये म्हणून चिकटपट्टी लावली होती. एकेक भोक पाडायला अर्धा तास घेतला होता. आणि दांडा किती उंचीवर हवा हे कळेना, तेव्हा दाराला आतून कडी लावून पोटाला उशी बांधली होती, कमोडच्या जागी डबा उलटा घालून त्यावर बसले होते, आणि उठताना हात कुठं जातो ते पाच-सहा वेळा उठून-बसून बघितलं होतं. तानाबाईंनी उंची कशी काढली म्हणून विचारलं तेव्हा हे सगळं त्यांना सांगावं लागलं. उशीचं सांगताना कान लाल झाले. पण एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना.

"आक्का, खरं सांगतो. मला ह्यातलं काय येत न्हाय. दोन वर्सं नुस्तं लिवत बसलोय. पर पोरगी जन्मली तवा मी न्हवतो. आता तिचं बाळ तरी माज्या घरात बघावं, येवडंच मनात हाय."

पैलवानांनी नारळ पाठीमागं नेला.

तानाबाईंनी पदर खोचला. पाईपात पाणी नीट जातंय का, एवढंच विचारलं. सरांनी उघड्या तोंडात बादली ओतून दाखवली. म्हणजे खालचं काम ठीक आहे, भांडंच तेवढं नवीन लागेल. मिस्त्रीला फोन लावा, त्या म्हणाल्या.

सयाजीरावांजवळ एकाही मिस्त्रीचा नंबर नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते सगळे अभिमानानं पुसून टाकले होते. तेव्हा पैलवानांनी फरशीकडं बघत खालच्या आवाजात, मोबाईल न काढता, दहाच्या दहा आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले.

"तो बंद झाला," सर म्हणाले. मग जीभ चावली. "गुंडूचा नवा नंबर माझ्याकडं आहे."

सयाजीरावांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. विचारायचं बरंच होतं, पण वेळ नव्हता.

गुंडू मिस्त्री ओळखीच्या दुकानदाराला झोपेतून उठवून, नवं भांडं रिक्षात घालून दुपारी पावणेचारला आला. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. पैलवानांना बघून त्यानं विचारलं की मागच्या महिन्यात बसवलेला गिझर बरा चाललाय नव्हं? सरांना विचारलं की मोरीचा पाईप पुन्हा तुंबला का? मग सयाजीरावांकडं वळून म्हणाला, तुमचा ग्रुप लई चांगला हाय बघा. माझी निम्मी कामं तितनंच येत्यात. लोक आधी स्वतः करत्यात, मग मला बोलावत्यात, म्हणून दर जरा जास्त लावतो.

ॲडमिन हंबीरराव पैलवान यांना त्याच वेळी घरी काहीतरी काम आठवलं. पण तानाबाई दारात उभ्या होत्या, आणि आयुष्यात शेकडो कुस्त्या मारलेल्या माणसाला त्यांच्या बाजूनं निसटता आलं नाही. त्यांना तुकडे भरायला लावले.

पन्नास मिनिटांत नवं भांडं बसलं. वाद नाही, तह नाही. गुंडूनं हात धुतले आणि जाता जाता म्हणाला, "उद्या सकाळपतूर कुणी बसायचं न्हाय."

घड्याळात पावणेपाच वाजले होते. बोलणं असं झालं होतं की झालेलं असलं तर ठेवून जाते. कमोड तर बसला होता, पण त्यावर कुणाला बसता येणार नव्हतं. हे झालेलं म्हणायचं की न झालेलं, ते ठरवणं तानाबाईंच्या हातात होतं. त्यांनी पिशवी उचलली. शिवानीची बॅग पिशवीशेजारीच होती. सयाजीराव त्या बॅगेकडं बघत राहिले. इतके लाचार ते कारखान्यात साहेबापुढंही कधी झाले नव्हते.

तानाबाईंनी बॅग उचलली नाही. पायानं ती आतल्या खोलीकडं सरकवली.

"पावणं, सूनबाईला ठेवून चाल्ले. येका रात्रीचं काय, वैनी धरत्यात हाताला. पर दोन गोष्टी. त्या पैलवानाला घरात घ्यायचं न्हाय, आणि मला तुमच्या त्या ग्रुपात घ्या."

पहिलीला पैलवानांनी स्वतःच मान हलवली. दुसरीला त्यांनी निमूट मोबाईल काढला. नियमाप्रमाणे आता ॲडमिनसकट तिघांनाही ग्रुपमधून कमी व्हायला हवं होतं, पण ते करणारा दुसरा कुणी नसल्यामुळं तो विषय निघाला नाही.

सयाजीरावांनी तानाबाईंना स्टँडवर सोडलं, खिडकीची जागा धरून दिली आणि गाडी हलेपर्यंत उभे राहिले. काय बोलावं ते सुचेना म्हणून पुन्हा पुन्हा सावकाश जावा म्हणाले. घरी आले तर शिवानी पलंगावर पाय वर घेऊन बसली होती आणि आईकडून नारळाची गोष्ट पहिल्यापासून ऐकत होती. ते शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मधे मधे दुरुस्त्या करू लागले.

गाडी कागलच्या पुढं गेली नसेल, तेवढ्यात ग्रुपवर तानाबाईंचा पहिला संदेश आला. दोनशे माणसांनी तो वाचला आणि एकालाही तो कशाबद्दल आहे ते कळलं नाही. त्यात लिहिलं होतं: 'पावणं, पाळण्यासाठी छताला कडी लागंल. ती तुम्ही बसवायची न्हाय. गुंडूला सांगा.'

सयाजीरावांनी तो तीनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला, आणि वर छताकडं बघत, कडी नेमकी कुठं यावी याचा अंदाज घेऊ लागले.